सामाईक भिंत

त्या दिवशी मी चिपळूणला गेले होते ती फक्त रंग आणायला. हिरव्या डिस्टेंपरचा डबा, कोकमाच्या रंगाच्या स्टेनरची बाटली आणि स्पंजचे तुकडे. एवढंच. दिवाळी होऊन गेली होती, पावसात भिजलेल्या भिंती एकदाच्या सुकल्या होत्या, आणि अलोऱ्याच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरचा तो पिवळट, पोपडे सुटलेला हॉल बघून बघून मला वीट आला होता.

मघाशी तुम्ही विचारलंत ना, ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाईच्या घराच्या भिंती अशा कोऱ्या कशा, म्हणून? सगळेच विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आज लाइट गेलेत, मनस्वी क्लासला गेलीय, तर सांगते. पण मध्येच 'भास झाला असेल' असं म्हणू नका. ते ऐकून ऐकून मी थकलेय.

सुजयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तिथल्या वीज प्रकल्पावर बदली झाली तेव्हा मनस्वी सात वर्षांची होती. कॉलनी मोठी, पण माणसं निघून गेलेली. रांगच्या रांग बंद क्वार्टर्स, खिडक्यांतून आत शिरलेल्या वेली, छपरांवर माकडं. दोन-दोन घरं पाठीला पाठ लावून बांधलेली आणि मध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्याची एकच सामाईक भिंत. आमच्या हॉलच्या त्या भिंतीपलीकडे शेजारचा हॉल, आरशात दिसावा तसा उलटा. ते घर बंद होतं.

"सरकारी घर आहे, खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं," सुजय म्हणायचा. "पांढरा चुना मारू आणि सोडून देऊ."

सुजयचं प्रत्येक गोष्टीवर हेच. सोडून देऊ. नळ गळतोय, सोडून दे. माकडांनी वाळवण नेलं, सोडून दे. म्हणून पांढरा चुना मारून झाल्यावर त्यावर मीच स्टेन्सिल करायचं ठरवलं. खिळा नको, तोडफोड नको, कोणाची परवानगी नको. जुन्या प्लास्टिक फाइलींची कव्हरं घेतली, त्यांवर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची, डहाळी काढली. पानं, त्यांच्यात लपलेली दोन फळं, सगळी डहाळी डावीकडे झुकलेली. आणि बसले कटर घेऊन कापत. कटर बोटाला लागला, एक पान देठापासून तुटलं, एक कव्हर मनस्वीनं बाहुलीच्या घराला छप्पर म्हणून पळवलं. पण शेवटी झालं.

दुपारी मनस्वी शाळेत, सुजय कामावर. स्टेन्सिल भिंतीला चिकटपट्टीनं लावायचं, स्पंज रंगात बुडवून निथळवायचा आणि हलक्या हातानं टेकवत जायचं. टप्... टप्... टप्... जोरात दाबलं तर रंग कडेखाली पसरतो आणि सगळं फुकट. त्या कामाचा एक नाद लागतो हो. बाहेर ती दुपारची कॉलनी, जिथे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आत ओल्या रंगाचा वास.

पहिली ओळ संपत आली तेव्हा लक्षात आलं, की माझ्या प्रत्येक टप्‌च्या मागून आणखी एक टप् येतोय.

रिकामं घर आहे, आवाज घुमत असेल, असं म्हणून मी हात थांबवला.

टप्... टप्... टप्...

मग तोही थांबला. मी थांबलेय हे पलीकडच्याला जरा उशिरा कळल्यासारखा.

मी घाबरले नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, शेजार आला एकदाचा, आणि रंगाचं काम काढलंय म्हणजे हौशी माणसं दिसतात. संध्याकाळी वाटीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. दाराला कुलूप. साधं नव्हे, गंजून कडीला चिकटलेलं. किल्ली घालायच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, तेही जुनं, टणक झालेलं.

वाटी घेऊन परत आले ती चिडूनच.

"उंदीर असतील," सुजय म्हणाला.

"उंदीर तालात वाजवतात?"

"मग पाल."

मी वड्यांची वाटी फळीवर आपटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी टेकवलं की पलीकडून टेकवल्याचा आवाज. मी मुद्दाम भरभर हात चालवला, तोही भरभर. तेव्हा मी स्पंज बादलीत फेकला आणि गेले कॉलनीच्या वॉचमनकडे, गुणाजीकडे. बंद घरांच्या किल्ल्या गुणाजीकडे असायच्या.

"आवो वहिनी, तितं कोन नाय ऱ्हात. कदीपास्नं बंद हाय," तो चहाची बशी खाली न ठेवता म्हणाला.

"मग उघडून दाखवा."

"उद्या बगू."

त्याचा उद्या उजाडायला किती दिवस लागले! कधी किल्ली सापडत नव्हती, कधी साहेब आले होते, कधी त्याची कंबर. शेवटी मी त्याच्या दारात जाऊन बसले तेव्हा उठला. तारेनं कुलपातली माती उकरली, तेल घातलं, आणि दार आमच्यासमोर करकरत उघडलं. आत वटवाघळांचा उग्र वास. तोंडाला पदर लावून मी उभी राहिले. गुणाजीनं खिडकीची झडप ढकलली आणि उजेड त्या भिंतीवर पडला.

आमच्याच भिंतीची दुसरी बाजू. तिच्यावर रातांब्याच्या डहाळ्या. सगळ्या उजवीकडे झुकलेल्या.

खरं सांगू? आधी भीती नाही वाटली. आधी राग आला. इतके दिवस डोळे फोडून कापलेलं माझं डिझाइन!

"कोणी केलं हे?"

"तुमीच केलंव काय?" गुणाजी म्हणाला.

"मी? अहो, कुलूप तुम्ही आत्ता उघडलंत!"

"व्हय... ता पन हाय."

मी पुढे होऊन एका पानावर बोट टेकवलं. बोट हिरवं झालं. रंग ओला होता. मग मला दुसरी डहाळी दिसली. माझ्याकडे त्या डहाळीच्या खालच्या फळातून रंग कडेखाली पसरला होता आणि शेपटीसारखा ओघळ आला होता. इथेही होता. तसाच, उलट बाजूला वळलेला. डिझाइन चोरता येतं. चूक कोण चोरतं?

"इथे कोण राहायचं? काही घडलं होतं का?"

गुणाजीनं आठवून आठवून सांगितलं. कोणी मेलं नव्हतं, कोणी जीव दिला नव्हता, कसली भानगड नव्हती. एक मास्तर होते ते कराडला बदलून गेले, त्यांच्याआधी एक ड्रायव्हर, त्याला तीन मुलगे. मला त्याचाही वैताग आला. निदान एखादी गोष्ट तरी असावी मागे! तीही नाही.

निघताना त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊंदे. माना परत नका बोलवू, वहिनी."

सुजयनं संध्याकाळी शास्त्र सांगितलं. चिऱ्याला भोकं असतात, भिंत ओल धरते, रंग पातळ असेल, झिरपला.

"ओल झिरपते, सुजय. डहाळ्या झिरपत नाहीत. आणि कडा अशा कोरल्यासारख्या येतात झिरपून?"

"मग सोडून दे ना ते काम."

ते ऐकून मी मुळीच सोडायचं नाही असं ठरवलं. पलीकडे कोणी माझी नक्कल करतंय ना? करू दे. मी स्वयंपाकघराचं दार लावून नवीन स्टेन्सिल कापलं. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं. एक नांगी मोठी, एक छोटी. कोणाला दाखवलं नाही, बोलले नाही. रविवारी सुजयला समोर उभं केलं, त्याच भिंतीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात एकच कुर्ली उठवली आणि रंग ओला असतानाच त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेलं.

कुर्ली तिथे होती. खिडकीकडच्या कोपऱ्यात, आमच्यासारखीच.

पण वाळलेली. रंग विटून धुरकट झालेला, वर धूळ, आणि तिच्या मोठ्या नांगीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं. जाळ्यात जुन्या माश्यांची नुसती टरफलं. डहाळ्यांकडे पाहिलं तर त्याही आता तशाच, वर्षानुवर्षं तिथे असल्यासारख्या. आणि मी अजून न केलेल्या ओळी त्यांच्यापुढे निघून गेल्या होत्या. छतापासून खाली उतरवायची वेल मी फक्त मनात ठरवली होती, तीसुद्धा होती.

पलीकडचं कोणी माझी नक्कल करत नव्हतं. आता मीच त्याची नक्कल करत होते.

सुजयनं कुर्लीजवळ बोट नेलं आणि न लावता मागे घेतलं. म्हणाला, "दीपाली... सोडून देऊ."

या वेळी मी हो म्हटलं.

रंगाचा डबा माळ्यावर गेला. आवाज बंद झाला. पण अर्धीमुर्धी रंगवलेली भिंत रोज समोर. जेवताना समोर, केर काढताना समोर. येणारा-जाणारा विचारणार, "पुरं नाही केलंत?" त्यात मनस्वीचा धोशा. शाळेत बाईंनी हाताभोवती रंग उडवून चित्र करायला शिकवलं होतं, तसा तिला तिचा हात भिंतीवर हवा होता. आई, माझा हात. आई, कधी माझा हात. एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि घरात पाय ठेवल्यापासून ती सुरू झाली. मला त्या भिंतीचा, त्या भीतीचा, स्वतःच्या घरात दबकत वागण्याचा असा संताप आला की मी डबा खाली काढला. म्हटलं, ये. घर आपलं आहे.

तिच्या उजव्या हातात चिक्की होती म्हणून तिनं डावा हात टेकवला. मी त्याच्याभोवती स्पंज टेकवत गेले. ती खुदुखुदु हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. हात काढला तर हिरव्यामध्ये हाताएवढी पांढरी जागा. इतकी गोड दिसत होती. ती नाचत शेजारच्या गल्लीत खेळायला पळाली.

मी जायचं नाही असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. भांडी घासली, कपडे घड्या केले, आणि मग किल्ली घेऊन गेले.

मनस्वीचा हात पलीकडे होता. वाळलेला, धुळीखाली. त्याच्या शेजारी आणखी एक हात, जरासा मोठा, जरासा वर. त्याच्या शेजारी आणखी एक. बोटं लांबत गेलेली, तळवा रुंदावत गेलेला. मूल उंच होत जातं तशी, वर्षाला एक हात अशी, ती ओळ भिंतीवर चढत गेली होती. माझ्या मुलीचेच हात होते ते सगळे. आईला कळतं हो. अंगठ्याचा तो बाक, करंगळी आणि शेजारच्या बोटातली ती फट.

आणि मग ओळ थांबली होती. पुढे कोपऱ्यापर्यंत नुसती भिंत.

मी शेवटच्या हातावर माझा हात ठेवून पाहिला. त्याची बोटं माझ्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत येत होती. बारा-तेरा वर्षांची मुलगी. त्याहून मोठी नाही.

मला रडू आलं नाही. माझी सटकली. इतक्या दिवसांचा सगळा वैताग उसळून वर आला आणि मी त्या रिकाम्या घरात भिंतीशी भांडले. मोठ्यानं. "इथे थांबायचं नाही. समजलं? माझ्या मुलीचं काय ते तू ठरवायचं नाहीस."

धावत घरी गेले, रंगाचा डबा नि स्पंज घेऊन आले आणि त्या शेवटच्या हाताशेजारी स्वतःचा डावा हात टेकवला. मोठ्या बाईचा हात. मनस्वी मोठी झाल्यावर असेल तसा. माझी डावी करंगळी वाकडी आहे, ही बघा. लहानपणी पेठकिल्ल्याला वडिलांच्या होडीच्या दोरात अडकून मोडली होती, तशीच वाकडी जुळली. हात काढला तर भिंतीवरची करंगळीही वाकडी. म्हटलं, असू दे. पुढे सरकले, पुन्हा हात टेकवला. पुन्हा पुढे. भिंत गार होती, तळव्याखाली ओलसर लागत होती.

तेवढ्यात आवाज सुरू झाला. टप्... टप्... टप्... या वेळी तो माझ्या घरातून येत होता. माझ्या हॉलमधून. जिथे कोणी नव्हतं, जिथे मी आत्ता कुलूप लावून आले होते.

मी थांबले नाही. दात आवळून हात टेकवत राहिले. उजेड उतरत चालला होता, स्पंज कोरडा पडत होता, डब्याचा तळ खरवडून मी रंग काढत होते, आणि मी टेकवलं की भिंतीपलीकडून, माझ्या तळव्याच्या बरोबर मागे, कोणीतरी टेकवत होतं. मग बाहेरून मनस्वीची हाक आली. "आई... कुठे आहेस?" मी डबा तिथेच टाकून बाहेर पळाले. कुलूप लावलं आणि किल्ली गुणाजीच्या खिडकीतून आत फेकली.

घरी गेले तर हॉल होता तसाच. आमच्या बाजूला मनस्वीचा तो एकच हात.

पावसाआधी आम्ही तिथून निघालो. सुजयनं खटपट करून बदली घेतली, आम्ही इथे रत्नागिरीला आलो. भिंतींना पांढरा रंग दिला आणि मी त्यांना हात लावला नाही.

मनस्वीला तेरावं लागलं त्या पावसाळ्यात तिला ताप आला. लेप्टो, पावसाच्या घाण पाण्यातून होतो तो. आधी काविळीसारखे डोळे पिवळे, मग लघवी बंद, मग ती कोणाला ओळखेना. डॉक्टर माझ्याशी बोलायचे थांबले, सुजयला बाजूला घेऊन बोलू लागले, तेव्हा मला कळायचं ते कळलं. तिच्या पलंगाशी बसून मी तिचा हात माझ्या हातावर ठेवला. बोटं माझ्या शेवटच्या पेरापर्यंत आली. बरोबर तिथपर्यंत. मी तो हात सोडला नाही. नर्स ओरडली, सुजय समजावून थकला, सोडला नाही. पहाटे तो हात गार पडला. एकदम गार, त्या भिंतीसारखा. आणि मग, मी किंचाळायच्या आत, पुन्हा ऊन झाला.

ती वाचली. असं सहसा होत नाही, डॉक्टर म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मग झालं तर. मीही तेच म्हणत होते. पण त्या आजारातून उठल्यावर तिची डावी करंगळी वाकायला लागली. आधी वाटलं सलाइनमुळे, अशक्तपणामुळे. सुजयचं आपलं, वाढीचं वय आहे, सोडून दे. गेल्या महिन्यात मीच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला.

"लहानपणी मोडली होती का? जुनं फ्रॅक्चर आहे. वाकडं जुळलंय."

"नाही," मी म्हटलं. "ही कधीच पडलेली नाही."

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. "खूप जुनं आहे," एवढंच म्हणाले, आणि तिच्या वयाच्या रकान्याकडे बघत राहिले.

बाहेर आलो, रिक्षा केली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी त्या भिंतीवर किती हात टेकवले, म्हणजे किती वर्षं? दहा? पाच? चारच? आठवत नाही. घाईत होते, चिडलेली होते, मोजायचं सुचलंच नाही. आणि आमची ती रांग आता पाडली, असं गुणाजीनं फोनवर सांगितलं. मोजायला भिंतच उरली नाही.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते मनस्वीला मी कधी सांगितलेलं नाही. सुजयलाही नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय.

रिक्षा मारुती मंदिराच्या सर्कलला गर्दीत अडकली होती. मनस्वी बाहेर बघत होती. तिनं माझा डावा हात तिच्या डाव्या हातात घेतला, करंगळीवर करंगळी ठेवली आणि माझ्याकडे न बघताच, अगदी सहज, विचारलं,

"आई, त्या दिवशी तू थांबलीस ती रंग संपला म्हणून... की भिंत संपली म्हणून?"